छातीवरचं कडं

"शर्ट काढ," डॉक्टर म्हणाले.

खोलीत सात-आठ शिकाऊ डॉक्टर उभे होते. पांढरे कोट, हातात वह्या. मी चौदा वर्षांचा. विहिरीत पोहायचं झालं तरी बनियन घालून उडी मारणारा.

"काढ बाळ, लाजू नकोस. आम्ही रोज बघतो असं."

बघणाऱ्याचं काय जातं? दाखवणाऱ्याला विचारा. पण काढला शर्ट, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. अकराला दहा मिनिटं कमी होती.

माझ्या छातीच्या मधोमध खड्डा होता. ओल्या मातीवर मूठ दाबून काढून घ्यावी तसं हाड आत गेलेलं. जन्मापासूनच होता, पण बाराव्या वर्षी मी उंच व्हायला लागलो तसा तोही खोल व्हायला लागला. शाळेच्या हजेरीत माझं नाव लखमन होतं. हजेरी संपली की मी 'वाटी'. "वाटे, पालथी पडू नको, आमटी सांडंल." एकदा कवायतीच्या तासाला तिघांनी मला आडवा धरला आणि चौथ्यानं खड्ड्यात पाणी ओतून पाहिलं, किती मावतंय ते. मास्तर बघत होते. हसले. त्या चौघांना आणि त्या मास्तरांना मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

"तीन सेंटिमीटर धरा," डॉ. सबनीस माझ्या खड्ड्यात दोन बोटं ठेवून त्या पोरांना सांगत होते. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. मला निम्मं कळत होतं. "तपासण्या झाल्यात. हृदय ठीक, रक्त ठीक. पळताना दम लागतो. अशांना पूर्वी एकच वाट होती, ऑपरेशन. हाडाखालून स्टीलची पट्टी घालायची आणि दोन-तीन वर्षं ती आत ठेवायची. आता ज्याचं हाड अजून कोवळं आहे त्याला दुसरी वाट आहे."

त्यांनी टेबलावरच्या खोक्यातून एक वस्तू काढली. परातीएवढी नव्हे, पण ताटलीएवढी. मऊ रबराची जाड कड, मधे काचेसारखी पारदर्शक खिडकी, बाजूला नळी आणि नळीच्या टोकाला दाबायचा फुगा.

"ही छातीवर बसवायची आणि आतली हवा खेचून घ्यायची. हाड वर ओढलं जातं. सुरुवातीला दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास. मग हळूहळू वाढवायचं. दीड-दोन वर्षं, खाडा न करता. सगळ्यांना लागू पडत नाही. पण हा मुलगा अगदी योग्य आहे. वय योग्य, हाड योग्य."

मी घड्याळावरची नजर काढली. कापायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. कुठल्याशा ट्रस्टनं हॉस्पिटलला अशा दोन वस्तू दिल्या होत्या. एक आधीच एका पोराला गेली होती. दुसरी माझी. शाळातपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर आम्ही पहाटेच्या एसटीनं मिरजगावाहून पुण्याला आलो होतो ते हिच्यासाठी.

सबनीसांनी ती माझ्या छातीजवळ आणली आणि थांबले. वाकले. चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

खड्ड्याच्या कडेनं एक गोल वण होता. लोट्याच्या तोंडाएवढा. खालच्या बाजूला कातडी चुरगळून जाड झालेली. खड्डा जन्माचा, हे कडं मागाहून आलेलं.

"भाजलेलं आहे, सर," शिकाऊंपैकी एक तांबोळी मॅडम म्हणाल्या. त्यांनी आवाज एकदम मऊ केला. "बाळा, कुणी केलं हे?"

"बानं," मी म्हणालो. चांगलं मोठ्यानं म्हणालो, दारापर्यंत जाईल असं.

दाराशी माझा बा उभा होता, चंदर वैदू. आम्ही जातीनं वैदू आणि बा धंद्यानंही वैदू. आठवडी बाजारात झाडाखाली फडकं अंथरून तुंबड्या लावायचा. तुंबडी म्हणजे पोकळ शिंग. दुखऱ्या जागेवर रुंद तोंड टेकवायचं, टोकाच्या भोकातून तोंडानं हवा ओढायची आणि भोक मेणानं बंद करायचं. शिंग कातडीला जळवेसारखं धरून बसतं. बाची शिंगं त्या वेळी गेटवर होती. सकाळी वॉचमननं झोळी उपसून काढली होती. "काय रे, बैल कापून आलास का? दवाखान्यात शिंगं घेऊन निघालाय. ठेव इथं." बा "बरं" म्हणाला होता आणि शिंगं ओळीनं भिंतीशी लावून ठेवली होती.

ते कडं मी चार वर्षांचा असताना पडलं. मला आठवत नव्हतं, पण आय सांगायची. "तुज्या बापानं तुला भाजलं. मी पाणी घेऊन आले तर तू निळा पडला हुतास रडून रडून." एवढंच. का भाजलं, ते ती सांगत नसे आणि बाला मी विचारत नसे. दहा वर्षं मी बाच्याकडं नीट बघितलं नव्हतं. पोरं 'वाटी' म्हणायची तेव्हा खड्ड्यापेक्षा त्या कड्याचा राग जास्त यायचा. खड्डा देवानं दिला म्हणून सोडून देता येतं. कडं घरातल्यानं दिलं.

सबनीस सरळ झाले. बाच्याकडं वळले नाहीत, शिकाऊंकडे वळले.

"हे बघून घ्या. आपण इथं हाडाचा विचार करतो आणि घरी हे चाललेलं असतं. पोराला डागायचं. दुखलं डाग, खोकला डाग. आणि निस्तरायला आपल्याकडे आणायचं." मग वस्तू पुन्हा खोक्यात ठेवली. "ही चुकीच्या हातात गेली तर कातडी फाटेल, रक्त साकळेल, मुलगा चक्कर येऊन पडेल. घरी लावणारं माणूस शहाणं लागतं. मी ही अशा घरात देऊ शकत नाही. तांबोळी, यादीतल्या पुढच्या मुलाला फोन करा. याला अठरा पूर्ण झाली की आणू द्या, ऑपरेशनचं बघू."

खोक्याचं झाकण लागलं.

"बरं," बा म्हणाला.

त्या 'बरं'नं माझं टाळकं फिरलं. बाचं अख्खं आयुष्य या एका शब्दावर चाललं होतं. बाजारातून उठवणाऱ्याला बरं. पालं हलवा म्हणणाऱ्या पोलिसाला बरं. आता माझी छाती कापायला निघालेल्यालाही बरंच. बानं खुंटीवरचा माझा शर्ट काढला आणि माझ्यापुढं धरला.

मी शर्ट घेतला नाही. आमच्या घरच्या बोलीत विचारलं. ती बोली त्या खोलीत कुणाला कळणार नव्हती.

"का डागलंस मला?"

"डागलं न्हाई."

"मग हे काय आहे?"

"तुंबडी हाय."

"तुंबडीचा वळ चार दिवसांत जातो. वैदूच्या पोराला शिकवू नको."

बानं खोक्याकडे बघितलं. मग शर्टाची घडी घालत घालत बोलला. खाली बघून, कुणी हिशेब मागितल्यासारखा नव्हे, नुसताच.

"तुजं हाड आत हुतं. मी म्हनलं, शिंग रगत वढतं, वात वढतं, तर हाड का वढनार न्हाई? लहान पोराचं हाड काकडीवानी असतंय. पन शिंगाचं तोंड बारकं आन् तुजा खड्डा मोठा. म्हनून पितळंचा लोटा घेतला. आत चिंधी पेटवून टाकायची, जाळ इझला की लोटा पालथा घालायचा. वढतो तो. आठ दिस लावला."

"हाड आलं वर?"

"यायचं. लोटा काडला की बसायचं. पयल्या दिशी लगीच बसलं. सातव्या दिशी तू अर्धी भाकर खाऊस्तवर वर हुतं."



"आणि आठव्या दिवशी?"

"आठव्या दिशी मी घाई केली. बाजाराला जायचं हुतं. लोट्याची कड तापल्याली, हात लावून बघितली न्हाई. तू वरडलास, मला वाटलं रोजच्यावानी वरडतूय. तुज्या आयनं लोटा हिरीत फेकला."

"मग पुन्हा का नाही लावलास? लोटे काय कमी होते?"



"मला आत दिसत नव्हतं," तो म्हणाला. "वर पितळ. आत हाड येतंय का मोडतंय, कसं कळावं? चार वर्साचं पोर तू. भ्यालो मी."

"हे आयला कधी सांगितलं नाहीस?"

"तिनं भाजल्यालं बघितलं. चूक ती चूकच. ती सांगून कमी व्हती व्हय?"

खोलीत वह्या मिटायला लागल्या होत्या. कुणीतरी जांभई दिली. तांबोळी मॅडम फोनची डायरी चाळत होत्या. मी उघडाच सबनीसांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा खड्डा पुढं काढून.

"डॉक्टर, ही वस्तू काय करते म्हणालात?"

"सांगितलं ना. शर्ट घाल आता."

"हवा ओढते, हाड वर येतं. आणि काढली की?"

ते जरा वैतागले. "सुरुवातीला खाली बसतं. रोज लावलं की जास्त वेळ वर राहायला लागतं. म्हणून तर दोन वर्षं लागतात."

"आणि आठ दिवसांत सोडली तर?"

"तर काही उपयोग नाही."

"मग माझ्या बानं हेच केलं होतं. दहा वर्षांपूर्वी. पितळेच्या लोट्यानं. सातव्या दिवशी माझं हाड अर्धी भाकरी खाईपर्यंत वर होतं. विचारा त्याला."

"त्यानं तुला भाजलंय."

"भाजलंय. आठव्या दिवशी, घाईत. ती चूक आहे आणि तो कबूल करतो. पण तुम्ही त्याला विचारलं का? मला विचारलं, यांना सांगितलं, तो तासभर दारात उभा आहे, त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. पोरगं डागण्यात आणि पोराचं हाड वर काढायला जाण्यात फरक आहे की नाही, तेवढं सांगा. मग मी शर्ट घालतो."

वह्या मिटायच्या थांबल्या. सबनीसांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हाकलणार. हाकललं असतं तर मी खोकं घेऊन पळालो असतो, हे खरं सांगतो. माझा डोळा त्याच्यावरच होता.

"असं आहे," ते शेवटी म्हणाले, "हेतू चांगला असून भागत नाही. लावता आलं पाहिजे. तांबोळी, लावून बघा याला. कुणालाही वाटतं तितकं सोपं नाही ते."

मला टेबलावर झोपवलं. तांबोळी मॅडमनी वस्तू छातीवर ठेवली आणि फुगा दाबला. सूं करून हवा कुठूनतरी आत शिरली. पुन्हा दाबला. पुन्हा सूं. त्यांनी तळहातानं कड दाबून धरली आणि भराभर सात-आठ वेळा फुगा दाबला. मग मात्र धरलं, पण एकाच बाजूला. कातडी चिमटीत घेऊन पिळावी तसं झालं. छत फिरायला लागलं.

"बाई, सोडा त्याला," दारातून बा म्हणाला.

"तुम्ही बाहेर थांबा," सबनीस म्हणाले.

बा 'बरं' म्हणाला नाही.

तो आत आला. चालत आला, घाईनं नाही. "त्याचे व्हट बघा," एवढंच बोलला. तांबोळी मॅडमनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि झटकन हवा सोडली. मला श्वास आला.

"कड वणावर बसलीया," बा म्हणाला. "तितं कातडं जाड हाय, वर-खाली हाय. तितनं हवा जानारच. तो वण मीच केलाय, मला ठावं हाय कुठनं कुठवर हाय."

सबनीस बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केला. बाला वाटलं, बाहेर जा म्हणतायत. पण ते वस्तूकडे हात दाखवत होते.

"हात धुऊन घ्या."

बानं बेसिनवर हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. तिथल्या नर्सपेक्षा जास्त वेळ लावला. मग वस्तू उचलली, उलटी करून कड बोटानं चाचपली, नळीतून फुंकून बघितली. ओला अंगठा कडेवरून गोल फिरवला. शिंग लावताना करायचा अगदी तसाच. वस्तू माझ्या छातीवर आणली आणि आधी ठेवली होती त्याच्या दोन बोटं खाली, जराशी फिरवून ठेवली. सगळं कडं आत आलं.

"श्वास सोड. सगळा."

मी सोडला. त्यानं फुगा एकदा दाबला. सूं नाही. थांबला. माझ्या ओठांकडे बघितलं, नखांकडे बघितलं. दुसऱ्यांदा दाबला. थांबला. तिसऱ्यांदा. छातीच्या आत कुणीतरी जुनं दार हळू उघडावं तसं काहीतरी कुरकुरलं. दुखलं, पण ओरडण्यासारखं नाही.

"लखू, दुखतंय का जळतंय?"

"दुखतंय."

"मग बरं हाय. जळलं की सांग. लगीच सांग."

शिकाऊ पुढं सरकले. एकानं मान वाकडी करून खिडकीतून आत बघितलं आणि वहीत काहीतरी लिहायला लागला. बासुद्धा वाकला. त्याचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की मिशीतले पांढरे केस मोजता आले असते. खिडकीतून त्याला माझं हाड दिसत होतं. खाली होतं ते वर आलेलं, कातडी ताणून, कड्याच्या मधोमध.

त्यानं खिडकीवर नखानं अलगद टिचकी मारली.

"दिसतंय," तो म्हणाला. "आत दिसतंय."

सबनीसांनी घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. हवा सोडल्यावर माझ्या छातीवर नवं, मोठं, लाल कडं उमटलं होतं. जुन्याच्या बाहेरून. हाड खाली बसलं, पण सावकाश. सबनीसांनी बाच्याकडं बघून, पहिल्यांदा बाच्याकडं बघून बोलायला सुरुवात केली.

"आग नाही. लोटा नाही. तोंडानं ओढणं नाही. फक्त हा पंप, आणि मी सांगेन तितकाच वेळ. घाई नाही."

"आग न्हाई," बा म्हणाला. "घाई न्हाई. लिवून घ्या माज्याकडनं."

"दर महिन्याला दाखवायचं. एक खाडा झाला तर वस्तू परत घेईन."

"घ्या."

तांबोळी मॅडम केसपेपर भरत होत्या. मी शर्टाची बटणं लावत लावत डोकावलो. 'आधीचे उपचार' असं छापलेलं होतं आणि त्याच्यापुढं त्यांनी सकाळीच 'नाही' लिहून ठेवलं होतं.

"ते 'नाही' खोडा," मी म्हणालो.

"मग काय लिहू?"

"तुंबडी. आठ दिवस. चंदर वैदू."

त्यांनी सबनीसांकडे बघितलं. ते बेसिनवर हात धूत होते, पाठमोरे.

"लिहा," ते म्हणाले. "खरं आहे ते."

अडीच वर्षं बानं ती माझ्या छातीवर लावली. रोज. बाजार असला तरी, पालं हलवली तरी, आयच्या भावाच्या लग्नात मांडवामागं बसूनसुद्धा. पहिला महिना आय बघायलाच येत नव्हती. मग एक दिवस आली, खिडकीतून वाकून बघितलं आणि बाला म्हणाली, "हे मला तव्हा सांगाया काय धाड भरली हुती तुमाला?" बा म्हणाला, "तव्हा खिडकी नव्हती." त्यानंतर सकाळचा फुगा ती दाबायची. आज माझ्या छातीत चमचाभर खोलगट जागा उरलीय, तीही बोट फिरवलं तर कळते. सगळ्यांचं एवढं भरत नाही, हे सबनीस दर वेळी सांगायचे. माझं भरलं. कडं मात्र आहे तसंच आहे आणि मी उघडा पोहतो. कुणी विचारलं तर सांगतो.

त्या दिवशी आम्ही गेटवर आलो तेव्हा दुपार झाली होती. वॉचमन खुर्चीत डबा खात होता. शिंगं भिंतीशी होती तशीच होती, एक तेवढं कुणाचा पाय लागून आडवं झालेलं. बानं ते उचललं आणि धोतरानं पुसलं.

"ए, खोक्यात काय? दाखव," वॉचमन म्हणाला.

बानं खोकं उघडून त्याच्यापुढं धरलं. त्यानं खरकटा हात मागं घेऊन मान पुढं केली. रबर बघितलं, खिडकी बघितली, नळी बघितली.

"काय आहे हे?"

"तुंबडी."

"मस्करी करतो का? ही दवाखान्याची वस्तू आहे."

"व्हय," बा म्हणाला. "दवाखाना बी शिकाया लागला."

त्यानं झोळीचं तोंड पसरलं, आधी शिंगं घातली, त्यांच्यावर खोकं ठेवलं आणि गाठ मारली. मग झोळी खांद्याला लावून माझ्या पुढं चालायला लागला.